नव्वद नंबरचं तेल

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं गॅरेज होतं त्या काळात ‘हे मला जमत नाही’ असं गिऱ्हाइकाला सांगायची आमच्यात पद्धत नव्हती. ज्या मिस्त्रींच्या हाताखाली मी शिकलो, त्यांनी पाना कसा धरायचा याच्या आधी हेच शिकवलं होतं. गाडी आत घ्यायची, बॉनेट उघडायचं, ‘व्हय, हुतंय की’ म्हणायचं आणि गिऱ्हाईक कोपऱ्यावर दिसेनासं झालं की मग डोकं खाजवत बसायचं. उद्यमनगरात लेथवाले होते, ओतकाम करणारे होते. जो भाग बाजारात मिळत नाही तो ते ओतून, कातून द्यायचे, त्यामुळे आमची थाप बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत खरी होऊन जायची. मला या सगळ्याचा फार माज होता.

आमची दुसरी पद्धत पावसाळ्याआधीची. मे संपता संपता घाटाकडच्या लोकांच्या गाड्या यायच्या. तिकडं चार महिने गाडीचं पोट सुकत नाही. म्हणून तिकडं जाणाऱ्या प्रत्येक गाडीची इंजिन, गिअरबॉक्स आणि ॲक्सल अशी तिन्ही ठिकाणची तेलं बदलून द्यायची, गिऱ्हाइकानं सांगितलेलं असो वा नसो. माणूस आवडीचा असेल तर त्याला ते कळूही द्यायचं नाही. केलेलं बोलून दाखवलं की त्यातला चांगुलपणा गेला, असं आमचे मिस्त्री म्हणायचे. गिअरबॉक्समध्ये जायचं ते नव्वद नंबरचं तेल, काकवीसारखं जाड आणि उग्र वासाचं. जीप असो, टेम्पो असो, नाहीतर उसाचा ट्रक असो, गिअरबॉक्स म्हटला की नव्वद नंबर. यात विचार करण्यासारखं काही असतं असं मला कधी वाटलंच नाही.

गगनबावड्याच्या डॉक्टरीणबाई माझ्या आवडीच्या गिऱ्हाईक होत्या. त्या गारगोटीच्या एका शिक्षकाची मुलगी. लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय कमरेपासून गेला. लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून, काठी टेकत त्या डॉक्टरकी शिकल्या आणि चांगली शहरातली नोकरी सोडून गगनबावड्याला दवाखाना काढून बसल्या. आसपासच्या डोंगरांत धनगरवाडे, चार-चार घरांच्या वस्त्या. तिथं एसटी जात नव्हती. बाई जायच्या, आणि त्या जायच्या ते त्यांच्या गाडीमुळे.

ती गाडी म्हणजे कोल्हापुरात एक नवलच होतं. कोकणातल्या एका धरणाच्या कामावर परदेशी इंजिनिअर आले होते, ते परत गेल्यावर त्यांच्या गाड्या लिलावात निघाल्या. त्यातली एक पांढरी, उंच, चारही चाकं ओढणारी जुनी गाडी बाईंच्या वडिलांनी लेकीसाठी घेतली. तिला क्लच नव्हता. खाली दोनच पेडल, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. गिअर आपले आपण पडायचे. म्हणजे गाडी चालवायला उजवा पाय एवढाच पुरायचा. बाईंना गाडीत चढायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात दुसरा माणूस रंकाळ्याला जाऊन आला असता, पण एकदा चढल्या की मग त्या सुसाट सुटायच्या. गॅरेजमध्ये त्यांची गाडी आली की पेठेतली निम्मी माणसं पेडल बघायला यायची आणि बाई त्यांना म्हणायच्या, “बघा, बघा. तुमचा डावा पाय उगाच आहे.”

तो नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडचा मे महिना होता. एरवी बाई गाडी दिवाळीनंतर दाखवायच्या, पावसाळ्याच्या तोंडावर ती माझ्याकडं पहिल्यांदाच आली होती. बाई औषधं न्यायला कोल्हापुरात आल्या होत्या. गाडी माझ्याकडं लावली आणि म्हणाल्या, “ब्रेकचे लायनर तेवढे बदला. बाकी कशाला हात लावू नका, बाकी ती ठणठणीत आहे.”

मी “व्हय व्हय” म्हटलं. लायनर बदलले. वेळ उरला होता. गाडी गॅरेजमधल्या कामाच्या खड्ड्यावर होतीच. मनात आलं, बाई चार महिने त्या पावसात एकट्या हिंडणार, आपण एवढं तरी करावं. इंजिनचं तेल बदललं, ॲक्सलचं बदललं. मग गिअरबॉक्सचा नट खोलला तर आतून लालभडक, पातळ तेल पडायला लागलं. मी हसलो. मला अजून आठवतं, मी एकटाच खड्ड्यात उभा राहून मोठ्यानं हसलो. कुणा शहाण्यानं गिअरबॉक्समध्ये हे सरबत ओतलंय म्हणून. सगळं निथळू दिलं, बॉक्सच्या तळाचं भांडं पुसून काढलं आणि नरसाळं लावून नव्वद नंबरचं तेल आत सोडलं. त्या बारीक नळीतून ते जाता जात नव्हतं. तासभर मी नरसाळं धरून बसलो होतो, तेही कौतुकानं. बाई आल्या, किल्ली घेऊन गेल्या. तेलाचं मी काही बोललो नाही.

दोन आठवड्यांनी दवाखान्यातल्या कंपाउंडरचा फोन आला. गाडी इंजिन चालू केलं की नुसती ओरडते, जागची हलत नाही. आधी दोन-तीन दिवस चढाला घसरत होती, आता चढ सोडाच, सपाटीलाही नाही. एका ट्रकला दोर बांधून ती माझ्याकडं आणली. मी गिअरबॉक्सचा नट पुन्हा खोलला आणि बाहेर आलं ते काळंकुट्ट होतं. त्याला जळक्या केसांसारखा वास येत होता.

मुंबईला परदेशी गाड्यांची कामं करणाऱ्या एका मिस्त्रींचा नंबर मी ओळखीतून मिळवला. कोपऱ्यावरच्या फोनवरून त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पहिलंच विचारलं, तेल कुठलं घातलंय. मी सांगितलं. मग त्यांनी मला शांतपणे समजावलं, की असल्या गिअरबॉक्समध्ये ते लाल पातळ तेल नुसतं वंगणाला नसतं, गिअर बदलायचं काम तेच करतं. आतल्या बारीक वाटांमधून ते पळायला लागतं. नव्वद नंबर त्या वाटांमधून जाणार नाही. आतल्या सगळ्या प्लेटा घसरून जळाल्या असतील. ते पुढं म्हणाले, बॉक्स उतरवून माझ्याकडं पाठव. प्लेटा बाहेरच्या देशातून मागवाव्या लागतील, चार-सहा महिने जातील, पण मी करून देईन.

बॉक्स मुंबईला गेला असता तर गाडी पुन्हा पहिल्यासारखी झाली असती. पण तिकडचं पत्र, तिकडचं बिल बाईंच्या नावानं आलं असतं, आणि त्यात काय झालं होतं तेही आलं असतं. कोल्हापुरात माझं नाव होतं. मी दोन दिवस विचार केल्याचं नाटक केलं. खरं म्हणजे माझं त्या फोनच्या खोक्याशी उभं असतानाच ठरलं होतं.

बाईंना मी सांगितलं, “बॉक्स जुना हुता, बाई. जायाचाच हुता. ह्येचं सामान हिंदुस्थानात मिळत न्हाय. साधा गिअरबॉक्स बसवू या, क्लचवाला. पंधरा दिसांत गाडी पळंल.”

बाई गॅरेजच्या दारातल्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. “आणि क्लच कोण दाबणार?”

“ड्रायवर ठेवू की.”

“दुसरा काही इलाज नाही?”

“न्हाय.”

बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? मी पाच वर्षं त्यांची गाडी बघत होतो.

आता सांगतो त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. ते काम करताना मला मजा आली. एका भंगारातल्या जीपचा गिअरबॉक्स मिळाला, पण तो या इंजिनला लागेना. भोकं जुळत नव्हती, शाफ्टची लांबी वेगळी. मधली घंटेच्या आकाराची पेटी नवीन ओतून घ्यायची होती. मी लाकडाचा साचा बनवला, उद्यमनगरात ओतायला नेला. ओतकाम करणारा म्हणाला, ॲल्युमिनियम आण. माझ्याकडं जुन्या बॉक्सचं मोठं ॲल्युमिनियमचं कवच पडून होतं. ते फोडलं आणि वितळवायला दिलं. भट्टीत ते खाली बसताना मी उभा राहून बघितलं. माझ्या चुकीचा पुरावा असा वितळून त्याच गाडीत परत बसला, आणि मला बरं वाटलं.

इंजिनमागचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, कातून घेतलं. इंजिनच्या टोकाला बसणारा गनमेटलचा बुश लेथवाल्यानं मापात असा दिला की हातानं दाबला तरी बसला. गाडीच्या पत्र्याला भोक पाडून गिअरचा दांडा वर काढला. क्लचचं पेडल बसवलं. वायरिंगमध्ये एक गोष्ट करावी लागली. जुन्या व्यवस्थेत गाडी गिअरमध्ये असताना इंजिन सुरू करणारा सेल्फ लागायचा नाही, तशी परदेशातल्या माणसांनी काळजी घेतलेली होती. नव्या बॉक्सला ते अडवणारं बटणच नव्हतं, म्हणून मी त्या दोन वायरी एकत्र जोडून टाकल्या. आता गाडी कुठल्याही गिअरमध्ये असली तरी किल्ली फिरवली की सेल्फ लागायचा. आपल्याकडच्या सगळ्या जीपा तशाच असतात. बारा दिवसांत गाडी रस्त्यावर आली आणि अख्ख्या पेठेनं माझं कौतुक केलं.

बाई गाडी न्यायला आल्या, बरोबर त्यांनी ठेवलेला ड्रायव्हर होता. चाळिशीचा, गगनबावड्याचाच, थोडी भातशेती असलेला. बाई त्याला थांब म्हणाल्या आणि सवयीनं उजव्या बाजूला चढल्या. मी दार धरून उभा होतो. त्यांनी खाली बघितलं. तीन पेडल. त्यांनी दोन्ही हातांनी डावा पाय उचलून क्लचवर ठेवला आणि वरून गुडघ्यावर हातानं जोर दिला. पेडल बोटभर गेलं आणि पाय घसरून खाली आला. पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा त्यांनी ठेवला नाही. त्या उतरल्या, गाडीला वळसा घालून डाव्या सीटवर जाऊन बसल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, “चला.”

मी खिडकीशी जाऊन म्हटलं, “बाई, हातानं चालणारा क्लच करून देतो तुमास्नी. पाऊस सरला की.”

“सरायच्या आधी द्या,” त्या म्हणाल्या. “पावसातच तर हिंडायचं असतं.”

मी सुरुवात केली होती, अगदीच नाही असं नाही. स्कूटरचा क्लच आणि त्याची तार लावून बघितली, ती दुसऱ्या दिवशी तुटली. दुसरा उपाय मला दिसत होता, पण हात चालेना. त्या कामाला बसलं की तो पेडलवरून घसरणारा पाय डोळ्यांसमोर यायचा. मग मी दुसरी गाडी आत घ्यायचो. जून गेला, अर्धा जुलै गेला. दोनदा दवाखान्यातून फोन आला आणि दोन्ही वेळा मी उद्यमनगरात काम अडकलंय म्हणून सांगितलं.

श्रावण लागल्यावर एक दिवस तो ड्रायव्हर गाडी घेऊन आला. बॅटरी पार गेली होती, ती बदलायला. मी म्हटलं, इतक्यात कशी गेली? नवी होती. तो गॅरेजच्या पायरीवर टेकला आणि त्यानं सांगितलं ते मी ऐकलं.

“लावणीचं दिस हुतं,” तो म्हणाला. “त्या दिशी बाईस्नी सांगूनच गेलतो. बैलं भाड्यानं आणलीती, एकच दिस मिळालीती. बाई म्हनल्या, जा, आज कायबी न्हाय. आनि अकराच्या सुमाराला धनगरवाड्यावरनं मानूस पळत आला. बायकू बाळत झालीया, पोरगी झाली, पर रगत थांबंना.”

बाईंनी कंपाउंडरला शेताकडं पिटाळलं. शेत लांब होतं, ओढ्याला पाणी होतं. बाईंना थांबवेना. त्या औषधांची पेटी घेऊन गाडीत चढल्या, निरोप घेऊन आलेल्या त्या नवऱ्याला शेजारी बसवलं. आणि मग त्यांनी जे केलं ते मला, एका मिस्त्रीला, सुचलं नसतं. त्यांनी गाडी सगळ्यात संथ आणि सगळ्यात जोरकस गिअरमध्ये टाकली, क्लच न दाबता. आणि किल्ली फिरवली. सेल्फच्या जोरावर गाडी हिसका देऊन पुढं सरकली, सरकता सरकता इंजिन लागलं. मी त्या दोन वायरी जोडल्या होत्या म्हणून ते जमलं. थांबता येत नव्हतं, गिअर बदलता येत नव्हता. माणसाच्या चालीनं, चिखलातून, बाई ती गाडी तशीच पाऊण वाटेपर्यंत घेऊन गेल्या.

“म्होरं दरड आलीती,” ड्रायव्हर म्हणाला. “मोठी न्हवं. दगड बाजूला केलं की जायाजोगी. पर त्यासाठनं थांबाय लागतंय न्हवं? थांबली तशी गाडी बंद पडली. नवऱ्यानं दगड काढलं. बाईनी परत किल्ली मारली, पर तितं चढ हुता. सेल्फ उचलंना. मारत ऱ्हायल्या, मारत ऱ्हायल्या, बॅटरी झोपली.”

“मग?”

“मग चालत गेल्या.”

“चालत?”

“त्या पायानं. चिखलात. दोनदा पडल्या म्हनं. त्यो म्हनला उचलून नेतो, तर त्येला म्हनल्या तू पेटी घिऊन म्होरं पळ. पर पेटी एकली जाऊन काय करनार? बाई पोचल्या तवा बाळतीण गेलीती. पोरगी जगली.”

तो बॅटरीकडं बघत बसला. मग म्हणाला, “म्या लावणीला गेलो नसतो तर.”

त्या माणसाला मी एक वाक्य बोललो असतो तर त्याचं ओझं तिथंच उतरलं असतं. पण मी नवी बॅटरी जोडली, पट्टी आवळली आणि त्याला म्हटलं, गाडी हितंच ठेव, चार दिसांनी मीच घिऊन येतो.

हाताचा क्लच मी चार दिवसांत केला. दोन महिने जे होत नव्हतं ते चार दिवसांत झालं. एका मोडीत निघालेल्या टेम्पोचा लांब हँडब्रेक घेतला, सीटच्या डाव्या अंगाला बसवला, सळईनं खालच्या पेडलला जोडला. दांडा ओढला की क्लच दबायचा आणि दातऱ्यात अडकून तसाच राहायचा. तेवढ्यात त्याच हातानं गिअर टाकायचा, मग अंगठ्यानं खटका दाबून दांडा हळूहळू सोडायचा. मी स्वतःचा डावा पाय सीटखाली दोरीनं बांधला आणि कळंब्याच्या रस्त्याला गाडी चालवून बघितली. काही अडचण आली नाही. परत येताना मी रडलो. कामगार बघतील म्हणून गाडी जरा लांब लावून रडलो.

गगनबावड्याला पोचलो तेव्हा सकाळचे रुग्ण संपत आले होते. बाई बाहेर आल्या. चेहरा उतरलेला, उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत खरचटल्याच्या खपल्या. मी त्यांना दांडा दाखवला. त्या चढल्या, दोनदा ओढून सोडून बघितला, गाडी सुरू केली, एसटी स्टँडपर्यंत जाऊन वळून आल्या. पहिल्यांदा हिसका बसला, नंतर नाही. गाडी थांबवून त्या म्हणाल्या, “चांगला झालाय.”

तेवढं ऐकून मला निघून येता आलं असतं. एसटी उभी होती. पण मी त्यांच्या खिडकीशी उभा राहून सगळं सांगितलं. लाल तेल, नव्वद नंबर, मुंबईचा फोन, भट्टीत घातलेलं कवच. काही गाळलं नाही. बाई स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत होत्या. मध्ये एकदाच बोलल्या.

“मी फक्त ब्रेक सांगितले होते.”

“व्हय.”

“मुंबईला पाठवला असता तर बॉक्स दुरुस्त झाला असता?”

“चार-सा म्हैनं लागलं असतं. पर झाला असता. आनि क्लचचा दांडा मी जूनमदीच दिला असता तर ह्यो दिस आला नसता. त्येला काय चार-सा म्हैनं लागनार न्हवतं.”

मला वाटलं त्या शिव्या देतील. मला त्या हव्या होत्या. बाईंनी डाव्या सीटवरची काठी उचलून मागं टाकली. मग म्हणाल्या, “मला सांगून काय उपयोग, मिस्त्री? माझं कोणी मेलेलं नाही. बसा गाडीत.”

मी डाव्या सीटवर बसलो. दवाखान्यातून त्यांनी दुधाच्या पावडरीचे दोन डबे घेतले आणि गाडी धनगरवाड्याच्या वाटेला लावली. दरडीच्या जागी वेग कमी केला, दांडा ओढला, गिअर बदलला, दांडा सोडला. ज्या वाटेला त्या दिवशी अर्धा दिवस गेला होता, ती आमची तीस-पस्तीस मिनिटांत संपली. मी घड्याळ बघितलं होतं.

सात-आठ घरं होती. नवरा तिशीचा असेल, अंगणात लाकडं फोडत होता. बाईंना बघून त्यानं कुऱ्हाड ठेवली, सोप्यात घोंगडं अंथरलं. बाई त्याला म्हणाल्या, “हे कोल्हापूरचे मिस्त्री. यांना तुमच्याशी बोलायचंय.” आणि त्या आत गेल्या, आजीच्या मांडीवरच्या पोरीला बघायला.

मी सांगितलं. गाडीतलं त्याला कळेल अशा शब्दांत सांगितलं, की जुनी गाडी बाईंना एका पायानं चालवता येत होती, ती मी चुकीचं तेल घालून बिघडवली, आणि चूक झाकायला दुसरी यंत्रणा बसवली. मी नीट वागलो असतो तर त्या दिवशी बाई आत्ता आल्या तशा आल्या असत्या. त्यानं सगळं ऐकलं. मध्ये एकदा विचारलं, “तेल चुकलं?” मी म्हटलं, “तेल चुकलं. मग म्या लपवलं.”

तो हाताला चिकटलेल्या ढलप्या काढत राहिला. मग म्हणाला, “पहाटंपासनं कळा हुत्या तिला. दिस वर आल्यावर आय म्हनली, बाईकडं जा. म्या म्हनलं, म्हशी सोडून येतो. रोजचंच काम. त्या वर पठारावर न्हेऊन सोडल्या. आलो. पोरगी झालीती तवर. रगत जातंय म्हनली आय, पर ते जातंयच की म्हनून म्या बसलो. भाकरी खाल्ली. मग निघालो.”

मी घोंगड्यावरून पुढं सरकलो.

“भाकरी खाल्ली म्या, पावणं.”

“तसं न्हवं,” मी म्हटलं. “तुमी निघालासा तवाबी येळ हुता. बाई टायमात आल्या असत्या. ते माझ्यामुळं झालं. इस्वास ठेवा.”

त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि त्या नजरेत राग नव्हता. “बाईनी आनलंय न्हवं तुमास्नी? लई चांगल्या हायेत बाई. परवाबी मला म्हनल्या, तुजी चूक न्हाय, माजीच गाडी बंद पडली म्हनून. आता तुमास्नी घिऊन आल्या. पर माजं मन राखाय दुसऱ्यानं आपल्या डोस्क्यावर घेऊ ने.”

“माज्या पोरांची शपथ घेतो.”

“पोरांची शपथ घेऊ ने,” तो म्हणाला, माझ्या गुडघ्यावर क्षणभर हात ठेवला आणि चहा ठेवायला आत गेला.

परत येताना बाईंनी विचारलं, “सगळं सांगितलंत?”

“सगळं.”

“काय म्हणाला?”

“त्येला खरं वाटंना. तुमी शिकवून आनलंय म्हनतो मला. भाकरी खाल्ली म्हनतो म्या.”

बाईंनी गाडी बाजूला घेतली. दांडा ओढून दातऱ्यात अडकवला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या. इंजिन चालू होतं. त्या म्हणाल्या, “मग पुन्हा जा. त्याला खरं वाटेपर्यंत जात राहा. मी तुम्हाला दुसरं काही सांगणार नाही.”

ड्रायव्हरला मी त्याच दिवशी दवाखान्यात गाठून सांगितलं. त्याला खरं वाटलं. तो त्यानंतर माझ्याशी कधी बोलला नाही, आणि ते बरोबरच होतं. बाईंची गाडीही माझ्याकडं पुन्हा आली नाही.

धनगरवाड्यावर मी जात राहिलो. आधी दर महिन्याला, मग दिवाळीला आणि उन्हाळ्यात, मग वर्षातून एकदा. गॅरेज बंद केलं त्या वर्षीही गेलो. प्रत्येक वेळी तेच सांगितलं, वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितलं. एकदा दोन्ही तेलं बाटल्यांतून नेऊन त्याच्या समोर ओतून दाखवली. तो बघायचा, मान हलवायचा आणि चहा ठेवायला उठायचा. शेवटचा गेलो तेव्हा मी बोलायला लागल्यावर तो उठला नाही, त्यानं नुसती आत हाक मारली. चहा त्याची मुलगी घेऊन आली, आठ-नऊ वर्षांची, सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी कप धरून.